वलगणीचा मासा आणि दयेचा हिशेब

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, खाचरांतील गढूळ पाणी बांध फोडून ओहोळांत उतरले आणि ओहोळांचे पाणी नदीला जाऊन मिळाले, की रोह्याच्या बाजूला, खांब-कोलाडच्या पट्ट्यात, एक शब्द घरोघर ऐकू येऊ लागतो : वलगण. दक्षिण कोकणात यालाच चढणीचे मासे म्हणतात. नदीतील मासा उतरत्या लोंढ्याच्या उलट दिशेने चालू लागतो. ओहोळ, चर, बांधांची फुटलेली तोंडे ओलांडून भाताच्या उथळ खाचरांपर्यंत येतो, तेथे अंडी घालतो आणि पाणी ओसरण्याच्या आत परत फिरतो. शिवडा, शिंगटी, वाम अशा अनेक जातींचा हा वर्षातला एकच प्रवास, आणि तो दोनचार रात्रींत आटोपतो. मनुष्यालाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्यामुळे त्याच दोनचार रात्री तोही बत्त्या, पाग, झोळ्या, काठ्या, प्रसंगी कोयते घेऊन बांधावर उभा असतो. माशाचे पोट गाबोळीने तट्ट भरलेले असते, आणि खरे सांगावयाचे तर वलगणीच्या मासळीचे निम्मे कौतुक त्या गाबोळीचेच आहे.

ही चाल फार जुनी. तिच्याविषयी नीतीचा प्रश्न आमच्या घरांतून निघतो तो बहुधा पानावर बसल्यावर, आणि पहिल्या घासाबरोबर तो पोटातही जातो. परंतु अलीकडे या नद्यांच्या काठी दुसऱ्या एका तऱ्हेचा मनुष्य दिसू लागला आहे. तो शहरातून मोटारीने येतो. त्याच्या हाती पाग नसून लवचिक काठी, चाक आणि बारीक दोर असतो. गळाला मासा लागला की तो त्याला दमवून काठाशी आणतो, दोन्ही हातांत धरून छायाचित्र काढवितो, गळ सोडवितो आणि मासा पुन्हा पाण्यात सोडून देतो. ‘मी खात नाही, मारीत नाही, मग माझा अपराध कोणता?’ असे त्याचे म्हणणे. बांधावरचा मनुष्य त्यावर म्हणतो, ‘मी निदान खातो तरी, तुम्ही उगाच जिवाला छळता.’ दोघांचेही बोलणे ऐकण्याजोगे आहे. मात्र तो मासा त्या दिवसांत कशासाठी निघालेला असतो, याचा उच्चार दोघेही करीत नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आधी हौशी मनुष्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण तिची थट्टा करणे फार सोपे आहे. धरलेला मासा सोडून देण्याची रीत मुळात एका चांगल्या जाणिवेतून निघाली. नद्यांतील मासा कमी होऊ लागला, तेव्हा ज्यांना गळाची आवड सुटत नव्हती त्यांनी आपल्या आवडीला हे एक बंधन घालून घेतले. त्यांच्यातील विचारी माणसे उलटा दात नसलेला गळ वापरतात, हात ओले केल्यावाचून माशाला स्पर्श करीत नाहीत, त्याला पाण्याबाहेर क्षणभरच ठेवतात. शिवाय या मंडळींच्या हातून विद्येचेही काही काम झाले आहे. कावेरीकाठी गालीबोर येथील छावणीत गळकऱ्यांनी १९९८ पासून १२ सालापर्यंत जी टिपणे ठेवली, त्यांवरूनच अभ्यासकांना कळले की कावेरीचा तो प्रसिद्ध कुबडा महाशीर जवळजवळ नाहीसा होत चालला आहे. २०१८ मध्ये त्याची गणना जगातील अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. टिपण ठेवणारे ते छांदिष्ट नसते तर तो मासा गेल्याचे वर्तमानही आपणांस उशिराच कळले असते.

आता त्याच्या विरुद्ध पक्षातील नेहमीचा आक्षेप वेदनेचा. माशाला वेदना होते काय? २००३ साली लिन स्नेडन या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची संवेदना घेणारे तंतू दाखवून दिले. तेव्हापासून हा वाद चालू आहे, आणि इजेची नोंद होणे निराळे व दुःख भोगणे निराळे, असे म्हणणारेही विद्वान आहेत. जर्मनीने मात्र वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. तेथील १९७२ च्या प्राणिसंरक्षणाच्या कायद्याने सबळ कारणावाचून प्राण्यास क्लेश देणे मना आहे, आणि नुसती हौस हे सबळ कारण धरले जात नाही. स्वित्झर्लंडने २००९ पासून सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरण्यास बंदी केली. म्हणजे तेथे कायदा गळकऱ्याला असे सांगतो : खावयाचा असेल तर धर, नाहीतर धरू नको. आपल्याकडील सामान्य समजूत याच्या अगदी उलट आहे. खाणारा तो क्रूर आणि सोडणारा तो दयाळू, असे आपण धरून चालतो. ही उलटापालट वाचकांनी काही वेळ मनात घोळवून पाहावी. बांधावरच्या त्या माणसाचे उत्तर युरोपातील दोन सुधारलेल्या राष्ट्रांच्या कायद्याशी जुळते, ही गोष्ट मौजेची खरी, पण नुसती मौजेची नाही.

तथापि वेदनेच्या मुद्द्यावर सर्व भार टाकणे आम्हांस सुरक्षित वाटत नाही. वेदना वर्षाचे बाराही महिने सारखीच. आमचा प्रश्न मृगाच्या त्या थोड्या दिवसांचा आहे, आणि त्यासाठी एका जुन्या कथेकडे वळणे बरे.

महाभारताच्या आदिपर्वात पंडूला शाप कसा मिळाला ते वाचकांस स्मरत असेलच. अरण्यात मृगाची जोडी क्रीडा करीत असता पंडूने बाण सोडले. तो मृग म्हणजे मृगरूप घेतलेला किंदम ऋषी होता. शाप सर्वांच्या लक्षात राहतो, पण त्याआधीचा वाद फारसा कोणी वाचीत नाही. पंडू आपला बचाव करतो, आणि तो कच्चा नाही : राजाने मृगया करावी हा धर्मच आहे, अगस्त्यानेही मृग मारले आहेत, मग माझे चुकले कोठे? किंदम हा बचाव एका अर्थाने मान्यच करतो. मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. परंतु माझा समागम पुरा होईपर्यंत तू थांबावयास हवे होतेस. मृगया, राजधर्म, हिंसा-अहिंसा हे सर्व मोठे शब्द बाजूला ठेवून ऋषी एवढ्या एका मुद्द्यावर बोट ठेवतो. एरव्ही क्षम्य असलेली कृती विशिष्ट वेळी अक्षम्य होते, कारण त्या वेळी तो प्राणी एकटा स्वतःपुरता जगत नसतो. त्याच्यामधून पुढचा वंश जात असतो. आमच्या समजुतीप्रमाणे पाण्याकाठच्या सर्व नीतीचे मूळ येथे आहे.

हा न्याय सोडून देणाऱ्याला लावून पाहा. गळाला लागलेला मासा झटापटीत आपली सारी शक्ती खर्च करतो. त्याच्या स्नायूंत आम्ल साचते, अंगावरचा बुळबुळीत थर हाताळण्याने निघतो, आणि पाणी कोमट असले म्हणजे त्यात प्राणवायूही कमी. धडधाकट मासा थंड, वाहत्या पाण्यात यातून बहुतेक वेळा सावरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गाबोळीने भरलेल्या मादीचे तसे नाही. तिने अनेक महिन्यांचे खाद्य अंड्यांत घातलेले असते. राखीव असे तिच्यापाशी फार थोडे उरलेले असते. त्यात जो धसका बसतो, त्याने शरीरातील रसांचा तोल जातो आणि प्रसंगी अंडी घालण्याचे राहूनच जाते. ती पोहत निघून गेली एवढे काठावरच्या मनुष्याला दिसते. ती पुढे खाचरापर्यंत पोचली की नाही, हे त्याला दिसत नाही. वलगणीला जावयाचे दिवस दोनचार. त्यांतील एक दिवस गळाने नेला, तर माशाच्या वर्षाचा केवढा भाग नेला, याचा हिशेब त्या छायाचित्रात येत नाही.

मरळीचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. मरळ अंडी घालून निघून जात नाही. तिची तांबूस पिल्ले थव्याने पाण्याच्या वरच्या थराशी फिरतात, आणि आईबाप खालून राखण करतात. अनुभवी गळकरी त्या तांबूस थव्यालाच खूण समजतो. पिल्लांजवळ आमिष हलविले की राखणदार भुकेने येत नाही, रागाने येतो, आणि अडकतो. पुढे दहा मिनिटांनी त्याला सोडले, कुरवाळून सोडले, तरी त्या दहा मिनिटांत पिल्लांवर कोण तुटून पडले असेल? अमेरिकेत व कानड्यात घरट्याची राखण करणाऱ्या बास जातीच्या नरावर असे प्रयोग झाले आहेत. नर जागेवरून हलताच इतर मासे अंड्यांवर येतात, आणि परत आलेला नर पुष्कळदा उजाड झालेले घरटे टाकून निघून जातो. बाप जिवंत सोडला म्हणून दया झाली, असे म्हणणाऱ्याने पिल्लांनाही विचारून पाहावे.

यावर एक व्यवहारी उत्तर ठरलेले आहे. एक रोहू लाखांनी अंडी देते. एखादी मादी वाया गेली तर नदीचे काय बिघडते? हे गणित वरवर बिनतोड दिसते. परंतु निसर्ग लाखांनी अंडी देतो ते बहुतेक मरणारच आहेत म्हणून. त्या उधळपट्टीत आधीच सर्वांचे वाटे ठरलेले आहेत : बगळ्याचे, बेडकाचे, पाणसर्पाचे, आटणाऱ्या खाचराचे. आणि सगळेच मासे लाखांचे धनी नसतात. महाशीर काही हजारांवर थांबतो, आणि त्याला वाढावयास वर्षे लागतात.

आता ‘हौस’ या शब्दाकडे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा जो ग्रंथ रचला, त्यातील विनोदांच्या भागात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरणच आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष लागते, दोर कसा असावा, मासा कसा ओढावा, हे सर्व राजाने मोठ्या आवडीने सांगितले आहे. तेव्हा गळाचा छंद साहेबाबरोबर आला, ही समजूत सोडून दिली पाहिजे. आपल्याकडे त्याला आठ शतकांहून जुने राजमान्य नाव आहे, आणि ते नावही किती प्रामाणिक आहे! सोमेश्वराने त्याला व्रत म्हटले नाही, संरक्षण म्हटले नाही, विनोद म्हटले. आजच्या गळकऱ्याने एवढा प्रामाणिकपणा ठेवला, तरी पुढील बोलणे सोपे होईल. करमणुकीला जगात जागा आहे. मात्र करमणुकीची म्हणून जी गोष्ट असते ती पुढे ढकलता येते, हा तिचा पहिला गुण. भूक आठवडाभर थांबत नाही. विनोद श्रावण-भाद्रपदापर्यंत खुशाल थांबू शकतो. ज्याला थांबणे इतके स्वस्त पडते, त्याने न थांबणे हा अधिक मोठा दोष, असे आम्हांस वाटते.

येथे आमच्याच म्हणण्याला आडवे येणारे एक उदाहरण सांगितले पाहिजे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महाशीराच्या पैदाशीचे केंद्र चालविले आहे. तेथे ऐन विणीच्या वेळी मादी धरतात, तिचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढतात, नराचे बीज त्यांत मिसळतात, आणि दोघांना पाण्यात सोडतात. धरणे तेच, हाताळणे तेच, सोडणेही तेच. आणि वेळ तर नेमकी ती, जिला आम्ही निषिद्ध म्हणतो. तरीही हे गळकऱ्याच्या कृतीसारखे आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण येथे माशाचेच काम माणसाने हाती घेतलेले असते. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याकडच्या नदीतील ज्या महाशीराचे वर्णन शास्त्रात प्रथम नोंदविले, त्या दख्खनी जातीला या केंद्राचा आधार मिळाला, यात शंका नाही. पण गोष्ट येथे संपत नाही. निळ्या पराचा हा महाशीर पुढे बाहेरच्या नद्यांतही सोडला गेला. कावेरीत तो इतका माजला की तेथील मूळचा कुबडा महाशीर मागे हटण्यास तोही एक कारण झाला असे अभ्यासक मानतात. हेतू शुद्ध, श्रम मोठे, आणि तरीही नदीने निराळेच उत्तर दिले. ‘सोडणे’ या क्रियापदाला आपण जी पुण्याई चिकटविली आहे, ती कोठे सोडले, काय सोडले, केव्हा सोडले, हे विचारल्यावाचून मान्य करू नये, एवढे यातून खचित दिसते.

असो. हौशी मनुष्याला एवढे बोलल्यावर खाणाराला मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. तो तर गाबोळीसकट मादी मारतो. किंदमाचा न्याय त्याला अधिकच कठोरपणे लागला पाहिजे. पण खाणारा म्हणजे कोण? रोहे तालुक्यातील कातकरी किंवा ठाकूर घरात ज्येष्ठ संपता संपता धान्याची कणगी तळाला गेलेली असते. मजुरी अजून सुरू व्हावयाची असते. त्या दिवसांत ओहोळाने दारात आणून टाकलेला मासा म्हणजे घराचा आधार. त्याच्या पुढ्यात उभे राहून त्याला आदिपर्व ऐकविणे हे आम्हांस जमणार नाही, आणि जमावेसे वाटतही नाही. दुसरा खाणारा म्हणजे आपण : हा अंक हाती घेऊन बसलेले, रोह्या-पेणच्या नात्यागोत्याचे, आता बहुशः मुंबई-पुण्यास राहणारे. आपल्या घरात त्या दिवशी वलगणीची मासळी आली नाही तर बाजारात दुसरे काही मिळत नाही, असे नाही. तरीही गाववाल्याला निरोप जातोच, आणि गाबोळी असेल तर भाव थोडा चढाही देण्यात येतो. (तळलेल्या गाबोळीच्या तुकड्यापुढे पुष्कळांचे तत्त्वज्ञान वितळते, हे लेखकाला चांगले ठाऊक आहे, कायस्थांच्या पंगतीत तर हा विषय काढण्याचेही धाडस होणार नाही.) या निरोपानेच बांधावरच्या बत्त्यांची संख्या वाढते. जो चार मासे घरापुरते घेऊन परतला असता, तो चढ्या भावासाठी उजाडेपर्यंत उभा राहतो.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याची सूक्ष्मता लक्षात येते. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाली असता कोरविलेल्या त्या लेखात गाभण किंवा दुभती शेळी, मेंढी, डुकरीण आणि सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिल्ले मारू नयेत, असे आहे. माशांविषयी ठराविक पौर्णिमांचे व उपवासांचे दिवस नेमलेले आहेत, आणि त्या दिवशी मासे मारू नयेत इतकेच सांगून तो लेख थांबत नाही. ते विकूही नयेत, असे सांगतो. मारणाऱ्याचा हात धरण्याआधी विकत घेणाऱ्याचा हात आखडला पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. त्याने मांसाहार सरसकट बंद केला नाही. ज्या समाजाकडून सर्वस्वी त्याग होणार नाही, त्याच्याकडून निदान काही दिवस मागून घ्यावेत, हा त्यातला व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व बारीक कीस काढणे झाले. मासा खरोखर मारला तो निराळ्यांनीच. यात तथ्य पुष्कळ आहे. भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. मुळशीचे अडविलेले पाणी घाटाखाली येऊन कुंडलिकेत पडते, आणि नदीचा चढउतार पावसाइतकाच यंत्रांच्या वेळापत्रकावर चालतो. कोलाडला त्या सोडलेल्या पाण्यावर लोक हवेच्या होड्यांतून मौजेने खाली जातात. खालून वर जाणाऱ्या माशाला मात्र डोलवहाळचा बंधारा आडवा येतो. धाटावच्या रासायनिक कारखान्यांविषयी रोहेकरांना नव्याने सांगावयास नको. खांबवरून जाणाऱ्या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये निघाले, आणि रस्त्यालगतच्या जमिनी भराव पडून उंच होत चालल्या. जेथे खाचर राहिले नाही तेथे मासा चढणार कोठे? ओढ्यात विष घालून किंवा सुरुंग उडवून मासे मारण्याविरुद्ध १८९७ चा कायदा आहे, आणि तरीही ते प्रकार अगदी थांबले आहेत असे म्हणवत नाही. त्याआधी १८७३ मध्ये फ्रान्सिस डे याने सरकारला दिलेल्या अहवालात शेतांत चढणाऱ्या विणीच्या माशांची व पिल्लांची जी लूट वर्णिली आहे, ती वाचून आजचाच वृत्तांत वाचल्यासारखे वाटते. परंतु दुसऱ्याने घर जाळले म्हणून उरलेली खिडकी आपण काढून न्यावी, हा युक्तिवाद कोणत्याही पंचायतीत टिकणार नाही. उलट मासा अडचणीत आहे म्हणूनच त्याच्या या चार रात्री पूर्वीपेक्षा मोलाच्या झाल्या आहेत.

पाळावयाचेच ठरविले तर आपल्या लोकांना पाळता येते, याला दाखले आहेत. याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात, काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कोणी गळ लावीत नाही, लोक खाऊ घालतात, आणि पहाऱ्याला शिपाई ठेवावा लागत नाही. ही मर्यादा स्थळाची झाली. काळाची मर्यादाही किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नवी नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जाऊ नये ही चाल कायद्याच्या आधीची. आज १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि त्या एकसष्ट दिवसांचा तोटा ते सोसतात. ज्याचे पोट मासळीवर आहे तो दोन महिने थांबतो. आम्ही गळाच्या हौशी मनुष्याजवळ मृगापासून विणीचा हंगाम उलटेपर्यंतचे दिवस मागतो, मरळीच्या पिल्लांचा थवा दिसला तर कोणत्याही महिन्यात काठी गुंडाळण्याची रीत मागतो, आणि त्याने टिपणवही मात्र बंद करू नये असे म्हणतो. कोणत्या ओहोळाला कोणता मासा कोणत्या रात्री चढला, हे काठीवाचूनही लिहिता येते, आणि तशी दहा वर्षांची वही खांबच्या एखाद्या शाळेत जमली तर ती पुष्कळ छायाचित्रांपेक्षा उपयोगी पडेल.

राहता राहिला निरोप. तो जूनमध्ये पाठवावयाचा की नाही, हे ठरविण्यास कायदा लागत नाही, पंचायत लागत नाही. बांधावर जो आपल्या घरापुरते घेतो त्याला घेऊ द्यावे. मुंबईच्या ताटासाठी तेथे जी एक बत्ती अधिक पेटते, तेवढ्यापुरता हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातला आहे.